भीड चेपताना: जर्मनीत शिकणारी मराठी मुलं

(दृश्य: एका जुन्या इमारतीचं प्रवेशद्वार. पत्रपेट्यांची रांग. म्युलर, श्मिट, यिल्माझ, पाटील.)

जर्मनीत खोली मिळाली की बॅग उघडायच्या आधी एक काम करावं लागतं. पत्रपेटीवर आणि बेलच्या बटणाशेजारी आपलं आडनाव चिकटवायचं. नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि या देशात महत्त्वाचं काहीही असलं की ते पत्रानेच येतं. बँकेच्या कार्डाचा पिन, कर क्रमांक, आरोग्य विम्याचे कागद. शिवाय सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची दर घरामागे महिना 18.36 युरो वर्गणी मागणारं पत्र. घरात टीव्ही नसला तरी.

या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं असतं. ते कोण देणार?

(दृश्य: विद्यापीठाचं आवार, सायकली, घोळक्यात मराठी बोलणारी मुलं.)

चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून भारतीय विद्यार्थी आता जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत पहिल्या क्रमांकावर आहेत. पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून जाणारे बहुतेक जण मास्टर्सला जातात. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. याचा अर्थ फुकट असा मात्र नाही. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला 992 युरो हातात येतात. भाडं, विमा, जेवण सगळं त्यातच. ते बारा लाख अनेकदा कर्जाचे असतात.

आपल्याकडे बावीस वर्षांच्या मुलाचं बँकेचं काम बाबा करतात. कॉलेजच्या ऑफिसात अडलं तर कुणाची तरी ओळख निघते. डॉक्टरकडे गेलं तर काय होतंय ते आई सांगते आणि पेशंट शेजारी मान हलवत बसतो. यात प्रेम आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण आपल्या वतीने कुणीतरी बोलणार याची सवय इतकी मुरते की ती सवय आहे हेसुद्धा कळत नाही.

जर्मनीत ती पहिल्या आठवड्यात उघडी पडते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद मागून घ्यायचा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते, म्हणून किल्ली घेतानाच भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा फोटोत टिपायचा आणि मालकाच्या तोंडावर यादीत लिहायचा. घर सोडताना हेच फोटो अनामत वाचवतात. लिहिताना मराठी माणसाला आधी ओशाळल्यासारखं होतं. समोरच्याला काय वाटेल?

समोरच्याला काहीच वाटत नाही.

(दृश्य: सामाईक स्वयंपाकघर. फ्रिजवर साफसफाईचं वेळापत्रक.)

वेगे, म्हणजे चौघापाचांनी मिळून घेतलेलं घर, ही या बाबतीतली खरी शाळा. तिथे खोली मिळण्याआधी राहणारेच मुलाखत घेतात. वेळापत्रकात तुमचा आठवडा असेल आणि ओटा तेलकट राहिला, तर सकाळी कॉफी ओतता ओतता कुणीतरी शांतपणे सांगतं, ‘ओटा पुसायचा राहिलाय.’ सांगणारा रागावलेला नसतो, संध्याकाळी तोच तुम्हाला पिझ्झा देतो. बोलणं आणि भांडणं यांत एवढी मोकळी जागा असते, हे आपल्यातल्या अनेकांना तिथे पहिल्यांदा दिसतं.

वर्गात आणखी वेगळं. हजेरी बहुतेक कुणी घेत नाही. परीक्षेला मात्र मुदतीत स्वतः नाव नोंदवायचं. चुकलं तर कुणी आठवण करत नाही. बऱ्याच ठिकाणी एका विषयाचे तीनच प्रयत्न मिळतात. न समजलेलं प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारायचं, आणि पटलं नाही तर तसं म्हणायचं. सगळ्यात अवघड हेच.

(दृश्य: बर्लिन, दालेम. इने स्ट्रासे 22.)

ही इमारत आज बर्लिनच्या फ्रायं विद्यापीठाकडे आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस इथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती आणि तिथे इरावती कर्वे शिकत होत्या. सासरे महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. पैसे काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या लेखनाचा पुढे नाझींच्या वंशवादाला आधार मिळाला. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावरून युरोपीय वंशाचं वेगळेपण, श्रेष्ठपण दाखवता येतं का, हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी मापं घेतली. गृहीतकाला आधार मिळाला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. घरापासून इतक्या दूर, उसन्या पैशावर, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच कल्पनेविरुद्ध. आजच्या मुलाला घरमालकाला ईमेल पाठवताना घाम फुटतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

(दृश्य: विद्यापीठाची खानावळ. ताटल्या विसळणारे हात.)

वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. गोदामात खोकी उचलणं, खानावळीत ताटल्या धुणं. घरी स्वतःचं ताटही न उचललेला मुलगा इथे शेकडो ताटल्या विसळतो आणि आईला फोनवर ‘कॅम्पस जॉब’ एवढंच सांगतो. श्रमाची लाज भाषणांनी जात नाही. ताशी पगार खात्यात पडू लागला की बरीचशी जाते.

प्रत्येकाचं असं होतंच असं नाही. पाच मराठी मुलं एका घरात राहतात, एकालाच जर्मन येतं, आणि वर्षभर सगळ्यांची पत्रं तोच वाचतो. बाबांची जागा त्याने घेतलेली असते, इतकंच. अर्थात ताप आला तर खिचडी याच घरातून येते, म्हणून या मुलांना नावं ठेवणंही सोपं नाही.

हिशेब पदवीनंतर होतो. नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मास्टर्स इंग्रजीतून झालेलं असतं, पण बर्लिन-म्युनिकबाहेरच्या मध्यम कंपन्यांत मुलाखत बहुधा जर्मनमधूनच. पहिल्याच वर्षी मोडक्या जर्मनमध्ये पालिकेच्या खिडकीशी वाद घातलेली मुलगी तिथे अडखळत का होईना, पगाराचा आकडा स्वतः सांगते. पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेणारा मुलगा त्या सुमाराला भाषेच्या वर्गात नाव घालत असतो, आणि 18 महिन्यांतले चार संपलेले असतात.