विचारायचे कोणाला? : जव्हारमधील एका शिक्षण परिषदेची गोष्ट

(दृश्य : घाटरस्ता, धुके, एकामागून एक येणाऱ्या दुचाकी)

पावसाळा सरत आला असला तरी जव्हारच्या घाटातले सकाळचे धुके अजून उठलेले नाही. या रस्त्याने येणारे दुचाकीस्वार जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे शिक्षक आहेत आणि ते केंद्रशाळेत महिन्यातून एकदा भरणाऱ्या शिक्षण परिषदेला निघाले आहेत. आसपासच्या दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र होते. पालघर जिल्ह्याच्या या भागात त्यातल्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी, म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि शिकवणारे दोघे. त्यातला एक रजेवर गेला किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. एखादे मूल वर्षभर प्रयत्न करूनही जोडाक्षरापाशी अडले, तर त्याविषयी बोलायला शाळेत दुसरे जाणते माणूस असेलच असे नाही, आणि पाड्यावरून पंचायत समितीत जाऊन असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारण्याची जागा ही आहे.

(दृश्य : केंद्रशाळेची पाटी, व्हरांड्यात काढलेल्या चपलांची रांग)

ही जागा आपोआप तयार झालेली नाही. जवळच्या शाळांनी संकुल करून एकमेकींना आधार द्यावा, ही शिफारस 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाची. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा मांडली. महाराष्ट्राने 1994 मध्ये केंद्रप्रमुखांची 4860 पदे निर्माण केली, आणि त्याच सुमारास मराठवाड्यातील पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून तालुका पातळीवर गट साधन केंद्र आणि शाळांच्या समूहासाठी समूह साधन केंद्र ही रचना आकाराला आली. केंद्रप्रमुखाने शाळाशाळांतून फिरावे, एका शाळेत जमलेली गोष्ट दुसऱ्या शाळेला दाखवावी आणि महिन्यातून एकदा सर्वांना एकत्र बसवावे, एवढी साधी कल्पना त्यामागे होती. त्याच्याही आधीचा धागा शोधायचा तर 1861 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पुण्यात शिक्षकांसाठीचे ‘मराठी शाळापत्रक’ सुरू झाले; कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे त्याचे संपादन केले. टेबलावर दिसणारा ‘जीवन शिक्षण’ मासिकाचा अंक हा त्याच परंपरेतला आहे. शिक्षकाने शिक्षकासाठी लिहावे, ही प्रथा मराठीत दीडशे वर्षांहून जुनी असल्याचे आपण फारसे लक्षात ठेवत नाही.

(दृश्य : वर्गात बसलेले शिक्षक, फळ्यासमोर शिक्षिका आणि तिसरीतील सहा मुले)

परिषदेचा पहिला तास नमुना पाठाचा आहे. विषय हातच्याच्या वजाबाकीचा, आणि तो निवडण्याचे कारण मागच्या बैठकीत तीन शाळांनी एकच तक्रार केली होती. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा लिहिलेले आहे. बहुतेक मुलांचे उत्तर पस्तीस येते. सातातून दोन काढले, चारातून एक काढला, दोन्ही वेळा मोठ्यातून लहान वजा केले, मुलाच्या हिशेबी सारे बिनचूक. शिक्षिकेने हे उत्तर पुसलेले नाही. तिने मुलांसमोर कारवीच्या काड्या ठेवल्या आहेत. दहा-दहाच्या चार मोळ्या रबराने बांधलेल्या आणि दोन काड्या सुट्या. ‘मला सात सुट्या दे,’ ती म्हणते. मुलगा दोन काड्या हातात घेतो, थांबतो, मोळ्यांकडे पाहतो. रबर काढायला परवानगी आहे का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. शिक्षिका काहीच बोलत नाही. शेवटी तो एक मोळी सोडतो, काड्या जमिनीवर पसरतात, आणि आता त्याच्याकडे तीन मोळ्या व बारा सुट्या काड्या आहेत. त्यातून सात बाजूला गेल्या, एक मोळी बाजूला गेली. उरल्या दोन मोळ्या आणि पाच काड्या.

मुले मधल्या सुट्टीसाठी बाहेर गेल्यावर खरी परिषद सुरू होते. मागच्या रांगेतले एक शिक्षक विचारतात, ‘मॅडम, काड्यांवर आमचीही मुलं बरोबर करतात, वहीवर आली की पुन्हा पस्तीस. त्याचं काय करायचं?’ या प्रश्नावर वर्गात जी कुजबुज उठते, तिचा अर्थ असा की ही अडचण एकट्याची नाही. शिक्षिकेचे उत्तर तिच्या चुकतमाकत झालेल्या कामातून आलेले आहे : काड्यांचे सारे काम संपवून मग वही उघडायची नाही. मोळी सुटली त्याच क्षणी वहीतल्या चारावर काट मारून वर तीन लिहायचा, काड्या मोजून झाल्या की दोनाच्या जागी बारा लिहायचे. हाताने एक कृती, लगेच पेन्सिलीने तिची नोंद. दुसरे एक गुरुजी त्यात भर घालतात की पहिले आठ-दहा दिवस जोडीने बसवावे, एकाने काड्या हाताळाव्यात आणि दुसऱ्याने लिहावे. हे दोन्ही मुद्दे कागदावर लिहिले तर चार ओळींत संपतील, पण विचारणाऱ्याचा वर्ग आणि सांगणारीचा वर्ग सारखाच असल्यामुळे ऐकणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसतो. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या उद्दिष्टाकडे जाणारी वाट अशाच प्रश्नांतून जाते. या चर्चेचा मुलांच्या अध्ययनस्तरावर किती परिणाम झाला, हे पुढच्या चाचण्यांत दिसेल.

(दृश्य : लांब टेबल; चिंचोके, शिंपले, शब्दपट्ट्या, पुठ्ठ्याची घड्याळे, मणीमाळा)

शेजारच्या खोलीत प्रत्येक शाळेने आणलेले साहित्य मांडले आहे. येथे विकत आणलेल्या वस्तू थोड्या आहेत. शंभर मण्यांच्या माळेत दर दहा मण्यांनंतर रंग बदललेला आहे, म्हणजे मुलाला अडतीस शोधताना पहिल्या मण्यापासून मोजावे लागत नाही. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर शब्द लिहिले आहेत. एका शिक्षिकेने वारली चित्रांतली माणसे, झाडे आणि तारपा वाजवणारा वादक वेगवेगळ्या पट्ट्यांवर काढले आहेत. पट्ट्या मनाप्रमाणे लावायच्या आणि गोष्ट सांगायची. शिक्षक टेबलाभोवती फिरतात, मोबाइलमध्ये छायाचित्रे काढतात आणि ‘हे एका तासात होतं का?’ असे विचारतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ज्या साहित्याला रविवार खर्ची पडतो ते प्रदर्शनात शोभते आणि वर्गात येत नाही.

परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्याची ही रीत याच जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले आणि माती यांची साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कोसबाडला शिक्षिका घडवण्याचे वर्गही चालले. जव्हारच्या या टेबलावर चिंचोके मांडणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असेलच असे नाही, पण चिंचोके तेच आहेत.

(दृश्य : कागदांचा गठ्ठा, वाचून दाखवणारा हात, खाली घातलेल्या माना)

यानंतरचा सव्वा तास सूचनांचा आहे. शाळांची आकडेवारी गोळा करणाऱ्या यू-डायसची माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरल प्रणालीवरील आधार नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, कोणत्या कागदाला कोणती अंतिम तारीख. केंद्रप्रमुखांचाही यात दोष काढता येत नाही. राज्यात ही पदे मोठ्या संख्येने रिकामी राहिली आहेत, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार असतो आणि वरून आलेले टपाल खाली पोहोचवणे हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले आहे. तरीही जे वाचून दाखवले गेले ते सर्वांच्या मोबाइलवर आदल्या रात्रीच आलेले होते, हे येथे नोंदवणे भाग आहे.

(दृश्य : व्हरांडा, चहा, दोघा-तिघांचे घोळके)

चहाच्या वेळेत बोलणे वर्गाबाहेरच्या प्रश्नांकडे वळते. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी ठाणे जिल्हा परिषदेत नेमणूक मिळालेले पश्चिम महाराष्ट्रातले आणि मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक या डोंगरी तालुक्यांत आले आणि इथेच राहिले. घरी म्हातारे आईवडील, जोडीदार दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, मुले तिसरीकडे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करता येतो. परंतु जाण्याच्या जिल्ह्यात रिक्त जागा हवी, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार केलेल्या जागांच्या यादीत, आपल्या प्रवर्गाची जागा हवी, आणि ती मिळाली तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून मोजली जाते. म्हणून अनेकांची आशा आपसी बदलीवर असते. इकडून तिकडे जाऊ इच्छिणारा एक आणि तिकडून इकडे येऊ इच्छिणारा दुसरा, असे दोघे एकमेकांना सापडले पाहिजेत.

पडद्यावर दिसणारे वहीचे पान याच शोधाचे आहे. सध्याचा जिल्हा आणि तालुका, हवा असलेला जिल्हा, पद, माध्यम, प्रवर्ग, नेमणुकीची तारीख, अशा रकान्यांत एका शिक्षकाने गेली काही वर्षे हाती आलेली नावे लिहून ठेवली आहेत. नावे आम्ही झाकली आहेत. सोलापूरला जायचे असलेल्याला सोलापूरचाच माणूस मिळतो असे नाही. मग नाशिकच्या मेहुण्याच्या शाळेतले सर, त्यांच्या डी.एड.च्या वर्गातली मैत्रीण, असा निरोप हातोहात फिरतो. बदलीचे अर्ज आता संगणकीय प्रणालीतून होतात, तरी दुसरा माणूस शोधून देण्याचे काम आजही ओळखीपाळखीनेच होते. या वाटेने एक जण गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो आणि वर्ग रिकामा पडत नाही. एकतर्फी बदलीने गेलेल्यांच्या जागा आदिवासी तालुक्यांत लवकर भरल्या जात नाहीत.

(दृश्य : खांबाला टेकून उभा असलेला तरुण, त्याच्यापुढे वही धरलेले ज्येष्ठ शिक्षक)

हा तरुण या केंद्राचा शिक्षक नाही. डी.एड. पूर्ण करून तो जवळच्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो आणि परिषद असली की मागे येऊन बसतो. कायम नोकरीसाठी त्याला आधी शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शेवटी शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीवर शाळांचा प्राधान्यक्रम, अशी चढण आहे. 2012 मध्ये शिक्षकभरती थांबली. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर 2017 मध्ये आणि दुसरी 2023 मध्ये. मधल्या वर्षांत किती जणांनी शिकवण्या घेतल्या, दुकाने टाकली किंवा वाहने चालवली, हे या व्हरांड्यातल्या प्रत्येकाला आपापल्या गावातून माहीत आहे. ज्येष्ठ शिक्षक त्याला अभियोग्यता चाचणीतल्या घड्याळाचा हिशेब समजावत आहेत : दोनशे प्रश्न, एकशे वीस मिनिटे, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. ‘येणारे आधी उरकायचे, अडलेल्यापाशी बसून राहायचं नाही. आणि प्राधान्यक्रम लॉक करण्याआधी मला दाखव,’ ते म्हणतात. प्राधान्यक्रम भरताना मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह होणाऱ्या भरतीतला फरक न समजल्याने पस्तावलेले उमेदवार त्यांनी पाहिले आहेत. निवड झाली तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. जानेवारी 2023 पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला 16,000 रुपये मिळतात, त्याआधी 6,000 मिळत असत.

(दृश्य : शिक्षण हमी पत्रक हातात; शिक्षिका फोनवर)

दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. निघताना मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक दिले, तर ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते. पत्रक हरवते, पालकांना ते दाखवायचे सुचत नाही. म्हणून या शिक्षिका भट्ट्यांच्या परिसरातील शाळांच्या शिक्षकांचे क्रमांक जवळ ठेवतात आणि मूल कुठे गेले ते कळताच फोन करतात. ‘मॅडम, आमची दोघं तुमच्याकडे आलीत, दुसरीला आहेत, बेरीज येते, वाचन कच्चं आहे.’ एवढ्या एका वाक्याने पलीकडच्या शिक्षिकेचे चाचणी घेण्याचे काम वाचते.

(दृश्य : परिषदेचा शेवट, इतिवृत्ताची वही)

साडेचार वाजता आभाराआधी एका शिक्षिकेने मागणी मांडली की पुढील महिन्यापासून सूचना छापील द्याव्यात आणि वाचून दाखवण्याचा वेळ पाठाला व साहित्याला मिळावा. तिच्या बाजूने बरेच हात वर झाले. ‘वरिष्ठांना विचारावं लागेल,’ असे म्हणत केंद्रप्रमुखांनी ती मागणी इतिवृत्तात लिहून घेतली. पुढच्या परिषदेचा विषय भागाकार ठरला. यजमान शाळा ओहोळापलीकडच्या पाड्यावर आहे आणि पावसाचे पाणी ओसरेपर्यंत तिथे गाडी जात नाही, त्यामुळे साहित्याच्या दोन पेट्या आदल्या दिवशी पायवाटेने पोहोचवण्याचे काम दोघा शिक्षकांनी आपल्याकडे घेतले. आश्रमशाळेतल्या त्या तरुणाने तिसरी पेटी मागून घेतली.