मारायचंय फक्त जंताला

श्रोतेहो, नमस्कार.

टोमॅटोचं रोप विनाकारण सुकायला लागलं आणि उपटून पाहिलं, तर कधी कधी मुळांवर गाठीच गाठी दिसतात. अशी गाठ नखाने अलगद फोडली, की आत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका सापडतो. ती सूत्रकृमीची, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंताची मादी. एकदा तोंड खुपसून बसली की जागची हलत नाही; तिथेच रस ओढते आणि शेकडो अंडी घालते. तिचेच भाऊबंद माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 150 कोटी लोकांना मातीतून येणाऱ्या जंतांची लागण आहे.

जंत मारणं तसं अवघड नाही. अवघड आहे ते जंत मारताना बाकीच्यांना वाचवणं, कारण जंताचं शरीर बरंचसं आपल्यासारखंच चालतं. स्नायूंना आखडण्याचा निरोप असिटिलकोलिन देतं, त्याच्यातही आणि आपल्यातही. ऑल्डिकार्ब हे सूत्रकृमीनाशक त्या असिटिलकोलिनचा निचरा करणारं विकरच (एन्झाइमच) बंद पाडतं. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात ते उतरलेली कलिंगडं खाऊन शेकडो लोक आजारी पडले.

डीबीसीपीची हकीकत तर चटका लावणारी आहे. सूत्रकृमी मारायला मातीत सोडायचं हे रसायन कॅलिफोर्नियातल्याच एका कारखान्यात तयार होत होतं. आपल्यातल्या अनेकांना मूलबाळ होत नाही, हे तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं. 1977 मध्ये तपासणी झाली, तेव्हा बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्यात मुळीच नाहीत. या रसायनाने उंदरांची वृषणं आक्रसतात, हे 1961 मध्येच छापून आलेलं होतं. सोळा वर्षं! नव्या रसायनाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की मला आधी ते कामगार आठवतात.

मग जंतात असं काय आहे, जे आपल्यात नाही? आयव्हरमेक्टिनने या प्रश्नाचं एक उत्तर दिलं. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध आलं. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. जंताच्या मज्जापेशींवर ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाटा असतात. हे औषध त्या उघड्याच ठेवतं आणि जंत लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत या वाटा नाहीत. थोड्या मिळत्याजुळत्या वाटा आपल्या मेंदूत आहेत, पण तिथे औषध सहसा पोचत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतलं एक प्रथिन ते बाहेर ढकलतं. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत या प्रथिनाचं जनुक सदोष असतं, म्हणून जास्त मात्रा त्यांच्या जिवावर बेतते. शिवाय कीटकांतही या वाटा असतात. औषध दिलेल्या गुरांच्या शेणात ते उतरतं आणि शेणातल्या भुंग्यांच्या अळ्यांना बाधतं. म्हणूनच ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकला, की कोणासाठी, असं लगेच विचारावं.

टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये मांडलेली वाट मला सर्वांत आशादायक वाटते. असे शोध बहुधा सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या निरुपद्रवी सूत्रकृमीवर सुरू होतात. त्याच्यात मज्जापेशी मोजून 302. प्लास्टिकच्या थाळीतल्या इवल्याशा खळग्यांत तो वळवळत असतो. प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकातून कोणाची वळवळ थांबली ते पाहायचं. तेच रसायन मग मासे, मानवी पेशी, इतर जीव यांच्यावर तपासायचं आणि त्यांना इजा करणारं सरळ टाकून द्यायचं. या चाळणीतून सिलेक्टिव्हिन नावाचा गट हाती लागला. ही रसायनं मुळात तशी सौम्य. पण सूत्रकृमीच्या शरीरात पी-450 कुळातली विकरं त्यांच्यावर प्रक्रिया करतात आणि तिथेच त्यांचं जहाल विष बनतं. आपल्या यकृतातही पी-450 विकरं आहेत, पण ती वेगळी. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीवर या रसायनांचा प्रयोग झाला, तेव्हा ती बाजारातल्या औषधांच्या तोडीची ठरली.

एक पेच मात्र उरतो. मातीतले असंख्य सूत्रकृमी जिवाणू आणि बुरशी खातात, पिकाला उपयोगी पडतात. सी. एलेगन्स त्यांच्यापैकीच. त्याला मारणारं रसायन शेतात गेलं, तर या बिचाऱ्यांचीही गय करणार नाही. तेव्हा यापुढच्या चाळणीत त्यांच्यासाठीही एक खळगा ठेवावा लागेल.