झाडाआड कोण उभे आहे?

श्रावणात पुण्याच्या पेठांतील काही घरांमध्ये आजही नवनाथांच्या पोथीचे पारायण होते. त्यात मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात रमले, त्याची कथा येते. पण केवळ स्त्रियांचे ते राज्य आपल्याला दिसते ते गुरूला सोडवून न्यायला आलेल्या गोरक्षनाथांच्या मागोमाग जाऊन. चित्रकारांनीही रानात राहणाऱ्या स्त्रियांचे जग वारंवार कल्पिले, आणि तेथेही पाहणारा कोठे उभा आहे, हे आधी शोधावे लागते.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि तेथील रंगीत तसबिरी पुण्याच्या वाड्यांतल्या भिंतींवर चढल्या. त्यांच्या प्रसिद्ध चित्रातील शकुंतला सखीच्या खांद्यावर हात टेकून पायातला काटा काढण्याचे निमित्त करते आणि मान वळवून मागे पाहते. भोवती कण्वांच्या आश्रमाचे रान आहे, बरोबर सख्या आहेत. ज्याच्यासाठी ती थांबली तो दुष्यंत मात्र चौकटीत नाही. त्याची जागा चित्रकाराने आपल्याला देऊन टाकली आहे. फ्रेंच चित्रकार गोगँ १८९१ मध्ये पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटावर पोहोचला, तेव्हा तेथील अनेक स्त्रिया मिशनऱ्यांनी रुजवलेले लांब झगे घालत होत्या. तरी त्याने बहुतेकदा रंगवले ते स्वतःच्या मनातले नंदनवनच.

राग-रागिण्यांना माणसांचे रूप देणाऱ्या रागमालेतील लघुचित्रांकडे वळले की हवा बदलते. तोडी रागिणी रानात वीणा घेऊन उभी असते आणि हरणे तिच्याजवळ येऊन थबकतात. मोरपिसांचे वस्त्र ल्यालेल्या आसावरीकडे चंदनाच्या झाडावरचे साप उतरून येतात. ती त्यांच्याशी घरच्यासारखी वागते, आणि बघणाऱ्याची तिला फिकीर नसते. ही चित्रेही बहुधा पुरुषांनीच काढली, हे खरे. तरीही त्यांतली नजर शिकाऱ्याची वाटत नाही.

मला सर्वांत जवळची वाटतात ती अठराव्या शतकातील योगिनींची मुघल शैलीतली चित्रे. रात्रीची वेळ, गर्द झाडीत एक झोपडी, दारात व्याघ्रचर्मावर बसलेली वृद्ध तपस्विनी, आणि तिच्यासमोर हात जोडून बसलेली, महालातून आलेली राजकन्या. दासीने भेटीचे तबक पुढे केले आहे. तपस्विनीचे लक्ष तबकाकडे नाही, ती मुलीच्या चेहऱ्याकडे पाहते आहे.