बॅलार्ड इस्टेटमधले लंडन

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास बॅलार्ड इस्टेटच्या या रस्त्यावरून सुटकेस ओढत निघालेली तरुणी चित्रपटाच्या कथेत नुकतीच लंडनला उतरली आहे. मोडलेले लग्न गिरगावात ठेवून परक्या शहरात एकटीने बिऱ्हाड मांडणारी नायिका आणि तिला तिथे भेटणारा माणूस, अशी ही प्रेमकथा आहे. आपण मात्र त्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या इमारतींकडे पाहणार आहोत.

अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या दगडमातीची समुद्रात भर घालून पोर्ट ट्रस्टने ही जमीन तयार केली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी १९१४ ते १९१८ या काळात उभ्या राहिलेल्या या वसाहतीची आखणी करताना इमारतींची उंची आणि दर्शनी भागांची शैली यांत एकसारखेपणा राखला, त्यामुळे कॅमेरा रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तरी विसंगत काही दिसत नाही. मध्येच एखादी काचेची इमारत उभी राहिली, तर हा रस्ता विलायतेचाही राहणार नाही आणि मुंबईचाही. जवळच्याच बॅलार्ड पिअरवरून एके काळी प्रवासी आगबोटीने खरोखरच विलायतेला निघत असत.

उरलेले काम कला विभागाचे. वातानुकूलन यंत्रांवर खोटी फुलझाडे चढली आहेत, प्लायवूडवर रंगवलेले दुकानांचे फलक खिळे न ठोकता टेकवले आहेत आणि भाड्याने आणलेल्या मोटारींना पुढे पांढऱ्या, मागे पिवळ्या ब्रिटिश पाट्या लावल्या आहेत. लंडनमध्येही वाहने डाव्या बाजूनेच चालत असल्याने स्टिअरिंगचा प्रश्न येत नाही. कथा पॅरिसची असती, तर हा रस्ता इतका सोयीचा ठरला नसता.

खरी अडचण उन्हाची आहे. लंडन ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अंशांवर, त्यामुळे तिथला सूर्य भर उन्हाळ्यातही इथल्यासारखा माथ्यावर येत नाही. इथे दहा वाजायच्या आत सावल्या आखडू लागतात आणि दगडाचा रंग भगभगीत दिसतो, म्हणून चालण्याची दृश्ये आधी उरकून घेतात आणि जवळची दृश्ये वर ताणलेल्या पांढऱ्या कापडाखाली घेतात.

(निवेदन थांबते. नायिका आईशी फोनवर बोलते तो प्रसंग मूळ ध्वनीसह.)

पदपथावर झोपणाऱ्यांना चित्रीकरणासाठी पहाटेच दुसरीकडे हलवण्यात आले होते.

फलक उतरवून टेम्पोत भरले जात आहेत. नायिकेच्या भाड्याच्या खोलीतील प्रसंग गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत व्हायचे आहेत, आणि प्रत्यक्ष लंडनमध्ये या चित्रपटाचे केवळ टेम्स नदीवरील पुलावरचे दृश्य चित्रित होणार आहे.