टर्नर सिंड्रोम : उंचीपलीकडचे प्रश्न

सांगली जिल्ह्यातील श्रोतेहो, नमस्कार.

सुमारे २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला जन्मतः टर्नर सिंड्रोम असतो. मुलींच्या पेशींतील एक्स गुणसूत्रांच्या जोडीपैकी एक गुणसूत्र नसणे किंवा अपुरे असणे, हे त्याचे कारण. अमेरिकी डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ साली त्याची लक्षणे मांडली आणि १९५९ मध्ये त्यामागचे गुणसूत्रांचे कारण उलगडले. गरोदरपणी आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पहिला ठपका सुनेवरच येतो.

या मुलींची उंची खुंटते आणि बहुतेकींचे अंडाशय पुरेसे काम करीत नाहीत, त्यामुळे पाळी आपोआप येत नाही. काहींना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा कानाचा त्रास असतो. बुद्धी मात्र बहुतेकींची इतरांसारखीच असते. वाचन चांगले, पण भूमिती, नकाशे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे जड जाते. अशा मुलीला वर्गात कुणी 'मठ्ठ' म्हणते, तर कुणी 'शिष्ट'.

तपासणीच्या खोलीत एक प्रसंग वारंवार घडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आई सांगते, "बाळा, जरा बाहेर बस," आणि दार लोटल्यावर आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, हिच्या लग्नाचं कसं होणार?" आईची काळजी खरी असते. परंतु बाहेरच्या बाकावर केसपेपर धरून बसलेल्या मुलीला एवढे नक्की कळते, की आपल्याबद्दलचे काहीतरी आपल्यासमोर बोलण्यासारखे नाही. माझ्या मते तिच्या मनाचे सर्वांत मोठे नुकसान तेथे होते.

वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हार्मोनची, इंजेक्शने अवश्य द्यावीत, त्यांनी उंचीत भर पडते. मात्र ती रोज रात्री टोचावी लागतात आणि फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, म्हणून जतकडच्या एखाद्या वस्तीवर वीज गेली की घर धास्तावते आणि मुलीची शाळेची सहल बुडते. फ्रान्समध्ये हे उपचार घेतलेल्या तरुणींची मोठी पाहणी झाली, तेव्हा त्यांच्या जीवनमानाचा उंचीशी संबंध आढळला नाही. हृदयाच्या व कानाच्या दुखण्याशी तो आढळला. म्हणून नियमित श्रवणचाचणी ही उंची मोजण्याइतकीच निकडीची मानावी. मैत्रिणी वयात येत असताना ही मुलगी मागे राहू नये, यासाठी अकराव्या-बाराव्या वर्षी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

आणि तिला खरे सांगावे, पण टप्प्याटप्प्याने. लहानपणी, "तुझी उंची हळू वाढते, म्हणून हे औषध," एवढे पुरते. वयात येताना इस्ट्रोजेनच्या गोळ्या कशासाठी, हे सांगावे. मातृत्वाचा विषय तिने मोबाइलवर वाचण्याआधी घरच्यांनी काढावा : दत्तक घेता येते, दात्याच्या बीजांडाने गर्भधारणाही काहींना शक्य होते, मात्र त्याआधी हृदयाची कसून तपासणी हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा उंचीत मागे पडलेली मुलगी त्यांना आवर्जून दाखवावी. पुढे रक्ताच्या गुणसूत्र तपासणीने निदान होते. मुलगी अबोल झाली, शाळा टाळू लागली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. फोन आईने केला तरी चालतो, मुलीने स्वतः केला तरी चालतो.