तारेची वाट

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत जातो. पायाची धमनी तुंबल्याची ही खूण. घोट्यावरच्या रक्तदाबाला दंडावरच्या रक्तदाबाने भागून उत्तर ०.९ च्या खाली आलं, तर शंका पक्की. मधुमेहात हा आकडा फसवतो: चुन्याने कडक झालेली धमनी पट्ट्याने दबतच नाही. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

अशी धमनी आतूनच उघडायची सुरुवात क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत केली.

त्यासाठी सुई बहुतेकदा चांगल्या पायाच्या जांघेत टोचतात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर. नंतर धमनी दाबायला मागे हाड हवं. सुई त्याच्या वर गेली, तर रक्त पोटामागे साचत राहतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. कंबरदुखी आणि उतरता रक्तदाब एवढाच इशारा.

सुईच्या जागी साधारण दोन मिलिमीटर पोकळीची नळी बसते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलं जातं. मग नळीतून बारीक तार महाधमनीच्या फाट्यावरून दुखऱ्या पायात उतरते.

खरं कौशल्य इथे आहे. ओली झाली की ही तार बुळबुळीत होते. बोटांनी फिरवत, मागून कॅथेटरचा, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या बारीक नळीचा, आधार देत ती अडथळ्यात घालायची. टोकाचा वेटोळा झाला, तर ती बहुधा भिंतीच्या थरांत शिरली आहे. तिथूनही पुढे जाता येतं, पण खाली पुन्हा धमनीच्या पोकळीत यावंच लागतं. म्हणून धमनी रुंद करणारा फुगा घालण्याआधी कॅथेटरमधून थोडा डाय (क्ष-किरणात दिसणारं द्रव्य) सोडून, आपण पोकळीत आहोत ना, ते पाहतात. ही तपासणी कधीही गाळू नये.

मांडीत पाच-सहा मिलिमीटरचा फुगा, गुडघ्याखाली दोन-तीनचा. तो सावकाश फुगवून दोन-तीन मिनिटं धरायचा. घाईने आतला थर फाटतो. फुगवताना थोडं दुखतंच, पण जोराची कळ आली तर थांबायचं. गुडघ्यामागे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) शक्यतो टाळतात, कारण पाय दुमडून दुमडून तो तुटू शकतो. शेवटी पावलापर्यंत डाय सोडून बघतात, सुटलेला कण खाली अडकला असू शकतो.

नळी काढल्यावर १५ ते २० मिनिटं दाबून धरायचं, कातडीवरच्या छिद्राच्या बोटभर वर. सुई तिरकी गेलेली असते, धमनीचं छिद्र तिथे असतं.