मुरुमाखालचं अंगण

(पडदा काळा. हेडफोनमधला सलग बारीक आवाज, माशी गुणगुणावी तसा. मधेच एकदा तो किंचित वर उचलतो आणि परत खाली बसतो.)

ऐकलंत? नाही ना. हेडफोन जवळ असतील तर घाला, मी परत लावतो. आता बघा, गुणगुण चालू आहे, चालू आहे, आणि हा इथे, जरासा फुगला. बस्स, एवढंच. बीप नाही, टिंग नाही, स्क्रीनवर आकडा नाही. खोलवरचं नाणं मेटल डिटेक्टरमध्ये असंच सांगतं, आणि हा आवाज ओळखायला मला तीन दिवस लागले.

जागा आहे घणसोली गाव, नवी मुंबई. स्टेशन नाही, सेक्टर नाही, गाव. माझ्या मामाचं घर. जुनं कौलारू घर मागच्या महिन्यात उतरवलं, आता तिथे पाया खोदायचाय आणि सोमवारी जेसीबी येणार. एकदा जेसीबीचं बकेट मातीत गेलं की शंभर वर्षांची माती दहा मिनिटांत डंपरमध्ये, आणि तो डंपर कुठे जाऊन खाली होणार ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी मामाला विचारलं, तोवर मशीन फिरवू का अंगणात. मामा म्हणाला, फिरव ना, पण तुळशीला धक्का लावू नको.

आता हे अंगण नीट बघा. समोरचा रस्ता दिसतोय? तो घराच्या जोत्यापेक्षा उंच आहे. आधी असा नव्हता. 1970 ला सिडको स्थापन झाली, इथल्या आगरी कोळी गावांच्या भातशेत्या आणि मिठागरं शहरासाठी गेली, मग रस्ते आले, दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर आला, रस्ता चढत गेला आणि गावठाणातली घरं जागेवरच राहिली. म्हणजे दिसायला घरं खाली गेली. मग पावसाळ्यात पाणी उंबऱ्याच्या आत. मग आजोबांनी अंगणात मुरूम टाकला, काही वर्षांनी परत टाकला, त्याच्यावर मामाने कोबा केला. तर आज आपण ज्याला अंगण म्हणतो ते खरं अंगणच नाही, खरं अंगण खाली आहे, जिथे आजी भात कांडायची. नवी मुंबईत जमिनीत खोल काही सापडायचं असेल तर ते असं खोल गेलंय, भरावाखाली. कोणी मुद्दाम पुरलेलं नाही, पडलं आणि वर माती येत गेली.

(मामा पहारीने कोबा फोडतो. खाली लालसर मुरूम.)

हा मुरूम म्हणजे मशीनची खरी परीक्षा. मशीन करतं काय, तर खालच्या गोल कॉइलमधून जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. वाटेत धातू आला की त्यात छोटे विजेचे भोवरे फिरायला लागतात, ते भोवरे स्वतःचं बारीकसं क्षेत्र परत पाठवतात आणि कॉइलमधली दुसरी तार ते पकडते. पण आपला दगड बेसॉल्ट, सह्याद्रीचा काळा दगड, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोहचुंबकी खनिज असतं आणि मुरूम म्हणजे तोच दगड झिजून झालेला. म्हणजे मशीनला खालची सगळी जमीनच थोडी थोडी लोखंडासारखी दिसते. नाण्याचा आवाज त्या गोंधळात शोधायचा, जत्रेत कोणी कुजबुजत असेल तसा.

त्यात अंतराचा हिशोब फार कडक. नाण्यापर्यंत जाणारं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं आणि परत येणारंही घनाने, म्हणजे कॉइलच्या आकारापेक्षा जरा लांब गेलात की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. जुन्या लोकांना हा आकडा लगेच कळेल, कारण जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट. अंतर दुप्पट, की रुपयाचा पैसा झाला. म्हणून मला लोक विचारतात ना, कुठलं मशीन घेऊ म्हणजे दोन फुटांवरचं नाणं दाखवेल, तर त्यांना मी मनापासून सांगतो, एकट्या नाण्याच्या बाबतीत असं मशीन शोधू नका. मोठा हंडा असेल तर गोष्ट वेगळी, तो मोठा धातू आहे. एक सुटं नाणं म्हणजे नखाएवढी वस्तू, तिचा आवाजही तेवढाच.

मी पहिल्या दिवशी काय केलं ते दाखवतो. आजीकडून तिचा राणी छाप रुपया मागून घेतला, चांदीचा, साडेअकरा ग्रॅमच्या वर वजन. मागच्या परसात मुरुमात आधी 10 सेंटीमीटरवर पुरला, मग 15, मग 18, मग 20. माझी कॉइल 11 इंची. दहावर मशीन ओरडलं, कुठला धातू ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा पक्का. पंधरावर आवाज आला पण आकडा नाचायला लागला. अठरावर आकडा नाही, फक्त गुणगुण फुगली. विसावर काहीच नाही. हेच मशीन मोकळ्या हवेत तोच रुपया याच्या कितीतरी पुढे दाखवतं. तर ज्या जमिनीत शोधायचंय तिथे आधी स्वतःचं नाणं पुरून बघा, मशीनच्या खोक्यावर काय छापलंय ते राहू द्या.

अजून एक गंमत बघा, ही मला फार आवडते. आजचा रुपया घ्या, खिशातला. मशीनवर लोखंड वगळा ही सेटिंग चालू केली आणि रुपया कॉइलसमोरून नेला, मशीन गप्प. कारण 1992 पासूनचा आपला रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, त्यात 83 टक्के लोखंड, चुंबकाला चिकटतो. मशीनच्या लेखी तो खिळाच. उद्या शंभर वर्षांनी कोणी आपली नाणी शोधायला निघालं तर खिळे शोधावे तशी शोधावी लागतील त्याला.

म्हणून खोलवरचं शोधताना ती लोखंड वगळायची सेटिंग मी बंदच ठेवतो. कारण मिनरल असलेल्या जमिनीत नाणं जितकं खोल तितका त्याचा आकडा लोखंडाकडे घसरतो, मशीन त्याला खिळा समजून गाळून टाकतं आणि आपल्याला वाटतं खाली काही नाही. सगळं ऐकायचं आणि निवड आपण करायची. निवड अशी, की सिग्नल आला की आपण त्याच्याभोवती काटकोनात फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने कॉइल न्यायची. नाणं गोल, दोन्हीकडून सारखं बोलतं. खिळा लांबट, एका बाजूने फसवतो आणि दुसऱ्या बाजूने तुटक होतो. कौलारू घराच्या अंगणात खिळे किती, तर एका दिवसात माझ्या घमेल्यात दीड किलो, वर दोन बिजागऱ्या आणि बैलाच्या नालाचा एक तुकडा.

(मामा पंप मारल्यासारखी कॉइल वर-खाली करतो.)

मामाला आता ग्राउंड बॅलन्स जमतो, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला विसरायला लावणं. स्वच्छ जागेवर कॉइल वर-खाली, वर-खाली, आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत. आणि सेन्सिटिव्हिटी कमी. हे पटायला वेळ लागतो, कारण वाटतं जास्त ठेवली तर जास्त खोल जाईल, पण मुरुमात जास्त ठेवली की जमीनच बोलायला लागते आणि नाणं बुडतं. मी दोन घर खाली आणली आणि अठराचा रुपया जास्त स्वच्छ ऐकू आला. तरीही मधे मधे एक टकटक येत होती, कुठून ते कळेना, तर मामाच उठला आणि जाऊन मेन स्विच पाडला. मशीन एकदम शांत. कोब्याखालून वायर गेलेली, पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच टाकलेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या थरात काय निघालं ते भराभर सांगतो. सोड्याची बुचं, चमचा, ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे तीन, वीस पैशाचं षटकोनी एक. आणि उखळाच्या जागेजवळ, बारा सेंटीमीटरवर, हा.

(क्लोजअप. तळहातावर भोक असलेलं नाणं, हिरवट तपकिरी.)

भोकाचा पैसा. 1943 ते 47 मधला, महायुद्धात धातू वाचवायला मधे भोक ठेवून पाडलेला, वजन जेमतेम 2 ग्रॅम. आजी खुर्चीत बसली होती, तिने लांबूनच विचारलं, काय रं बाला, सोना भेटला का? मी नेऊन हातात दिला. तिने डोळ्यांनी नाही बघितला, अंगठा भोकावर फिरवला आणि म्हणाली, यो तुझे मामाचे करगोट्याला होता. मामा तेव्हा रांगत होता, दोरा तुटला आणि पैसा गेला, तिने सूप घेऊन सगळं अंगण चाळलं होतं म्हणे. मामा साठीचा माणूस, तो काही बोललाच नाही, नुसता तो पैसा बघत राहिला.

आता मुख्य गोष्ट. कॉइल विसावर काही ऐकत नाही आणि जुनं अंगण तर तीसच्याही खाली. मग करायचं काय? मशीन बदलायचं नाही, माती कमी करायची. मुरूम कुदळीने नाही, फावड्याने हलके हलके पंधरा सेंटीमीटर काढला, सगळा एका बाजूला ताडपत्रीवर, आणि उघड्या झालेल्या जागेवर परत पहिल्यापासून फिरलो. याचा दुसरा फायदा असा की वरचा खिळा खालचं नाणं झाकून टाकतो, खिळा गेला की नाणं बोलतं. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकलेली, आणि हळू, इतकं हळू की एक फेरा दोन-तीन सेकंद, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला, कारण खोलवर मशीनची नजर निमुळती होत जाते, मधे पट्टे सुटतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, मेन स्विच बंद, गल्ली झोपलेली, तेव्हा आला तो सुरुवातीला ऐकवलेला आवाज. तुळशीपासून चार पावलं. मी काटकोनात फिरलो, तसाच. उलटा फिरलो, तसाच. मामाला हेडफोन दिले, तो म्हणाला, काही नाही रे. मी म्हटलं मामा, डोळे मीट आणि ऐक. मग त्याने बोट वर केलं, बरोब्बर त्याच जागी.

खोदताना घाई नाही. मुरूम संपला, आणि खाली माती बदलली, काळी, चिकट, तिच्यात भाताच्या तुसाचा काळपट थर आणि शेणाने सारवलेल्या जमिनीची पापुद्रेदार पट्टी. हेच ते. आजीचं अंगण. मामाने टेप लावली, मूळ कोब्यापासून 34 सेंटीमीटर. म्हणजे मशीनने ऐकलं एकोणीस, बाकीचं फावड्याने केलं, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 34 वर नाणं दाखवलं असं म्हणून मशीन विकणारे खूप आहेत.

(पिनपॉइंटरचा, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरचा थरथराट. बोटांनी ढेकूळ फुटतं. गोल हिरवा कडा.)

तांब्याचा पाव आणा. ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, दोन सिंह, खाली 1835. दुसऱ्या बाजूला पानांची माळ. त्या काळातला हाच एक पैसा, असे चौसष्ट मिळून रुपया. मामी लगेच चिंच-मीठ घेऊन आली, तांब्याची भांडी घासतो तसं चकाचक करून देते म्हणाली. मी म्हटलं मामी थांब, पाया पडतो. हा हिरवा थर म्हणजे त्याची कातडी आहे, चिंचेने तांबं लाल होईल पण अक्षरं जातील. बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रश, बस्स.

आणि पुढचं काम लगेच केलं. आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आहे, अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, किती, कुठे, कधी. घणसोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून पत्र ठाण्याला. मामाची सही, माझी सही, फोटो, खोलीचं माप, मातीच्या थराचं चित्र. पोच फाइलला लावली. हा पैसा पडून हरवलेला, कोणी दडवलेला नाही, असं म्हणता येईल, पण ते मी का ठरवू? कळवायला एक अर्ज लागतो.

मला कमेंटमध्ये विचारतात, बेलापूर किल्ल्यावर जाऊया का, घोडबंदरला जाऊया का. नाही जाणार. ठाणे म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक, त्यांच्या छित्तराजाची चांदीची नाणी अभ्यासकांना माहीत आहेत. असं एखादं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हेच त्याचं बोलणं असतं, मी ते रात्री उपटून खिशात घातलं तर माझ्याकडे उरतो चार ग्रॅम धातू. इथे या अंगणात मला माहीत आहे की पाव आणा सारवलेल्या जमिनीत होता, तुसाच्या थराखाली, तुळशीपासून चार पावलांवर. म्हणजे तेव्हा इथे घर होतं की खळं होतं, एवढा तरी प्रश्न विचारता येतो. आजी म्हणते खळं. तिच्या सासूने तिला तसं सांगितलेलं.

आज शनिवार. अंगणाचे तीन भाग तपासून झालेत. चौथ्या भागावर पाण्याची टाकी आहे, हजार लिटरची, भरलेली. मामाने आत्ताच नळ सोडलाय, रात्रभर रिकामी होईल, आणि उद्या पहाटे आम्ही दोघं ती बाजूला सरकवणार. आजीने तिची खुर्ची आत्ताच तिकडे ठेवून घेतलीय.

(नळाचं पाणी. त्याच्यामागे, हेडफोनमधली तीच गुणगुण.)